परदेशातील भ्रमणध्वनी व घरची नोंदवही

काशीस आलेल्या महाराष्ट्रीय यात्रेकरूस तीर्थोपाध्याय प्रथम गाव व आडनाव विचारतो आणि जुन्या वहीतून त्याचे घराणे शोधून काढतो. परदेशी गेलेल्या भ्रमणध्वनीची ओळखही अशाच रीतीने पटविली जाते.

समजा, हा यात्रेकरू वाराणसीहून पशुपतिनाथाच्या दर्शनास निघाला. सोनौलीची सीमा ओलांडल्यावर भारतीय मनोऱ्याच्या लहरी क्षीण होत जातात व भ्रमणध्वनी नेपाळी मनोऱ्यास साद घालतो. सिमकार्डात सामान्यतः १५ अंकी ओळखक्रमांक असतो. त्याचे पहिले तीन अंक देशाचे असतात : भारताचे ४०४ व ४०५, नेपाळचे ४२९. ते पाहून नेपाळी कंपनी भारतातील मूळ कंपनीच्या नोंदवहीकडे विचारणा करते. तेथून एक संख्या व तिचे अपेक्षित उत्तर येते. कार्ड आपल्या गुप्त किल्लीने त्या संख्येचे उत्तर काढते. दोन्ही उत्तरे जुळली म्हणजे प्रवेश मिळतो. किल्ली मात्र कार्डाबाहेर पडत नाही.

इंटरनेटवरील माहिती बहुधा मूळ कंपनीच्या केंद्रातूनच फिरून येते. त्यामुळे काठमांडूत बसून तेथीलच संकेतस्थळ पाहिले, तरी मागणी सीमा दोनदा ओलांडते. साहजिकच विलंब होतो.

ग्राहकाने ही सेवा आधी घेतली नसेल, तर मनोरा समोर असूनही दार बंदच राहते. उलट सेवा चालू असल्यास सीमेलगत, स्वदेशातच, परदेशी मनोऱ्याशी जोडणी होऊन अनपेक्षित आकार पडू शकतो. नेपाळी कार्ड घेऊन जुने काढून ठेवल्यास त्या क्रमांकावरील बँकेचे संदेश मिळत नाहीत. म्हणून या गोष्टींचा निर्णय वाराणसी सोडण्यापूर्वीच करणे श्रेयस्कर होय.