दारावर लॉगिन, मागे उघडी फाइल

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याने १४ एप्रिल २०१५ रोजी ‘विनव्होट’ या मतदान यंत्रांची मान्यता रद्द केली. राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाने यंत्रे तपासली तेव्हा वाय-फायचा पासवर्ड ‘एबीसीडीई’ निघाला, तर विंडोजच्या प्रशासक खात्याचा ‘अ‍ॅडमिन’. मते साठवली जात मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसच्या फाइलमध्ये. तिचा पासवर्ड होता ‘शूप’, म्हणजे उत्पादक कंपनीच्या जुन्या नावातलाच शब्द. तपासनिसांनी ती फाइल स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवून घेतली, आकडे बदलले आणि परत यंत्रात ठेवली. यंत्राने हूं की चूं केले नाही.

पासवर्ड पोरकट होते हे खरेच. पण फाइल उचलून बाहेर नेता आली, हे दुखणे जास्त खोल आहे आणि ते फक्त मतदान यंत्रांपुरते नाही.

अ‍ॅक्सेस १९९२ मध्ये बाजारात आले आणि छोट्या कार्यालयांत रुळले. शाळेची फी, दवाखान्यातले रुग्ण, गोदामातला माल अशा नोंदींसाठी वेगळा सर्व्हर लागत नाही, ही त्याची सोय. धोकाही त्या सोयीतच आहे. सर्व्हरवरचा डेटाबेस रेकॉर्ड रूमच्या खिडकीआड बसलेल्या कारकुनासारखा असतो; मागाल तेवढाच कागद तो हातात देतो. अ‍ॅक्सेसमध्ये खिडकीही नाही आणि कारकूनही नाही. प्रत्येकाचा संगणक नेटवर्कवरची मूळ फाइल स्वतःच उघडतो. त्यासाठी त्या फोल्डरमध्ये लिहिण्या-पुसण्याचा अधिकार सगळ्यांना द्यावा लागतो, कारण काम सुरू असताना शेजारी एक तात्पुरती लॉक फाइल तयार होते आणि शेवटचा माणूस बाहेर पडला की ती पुसली जाते. ज्याला काम करता येते, त्याला फाइलची नक्कलही करता येते.

तरीही बहुतेकांची सुरुवात लॉगिनच्या फॉर्मपासून होते. नाव-पासवर्डाचे दोन चौकोन, मागे वापरकर्त्यांचे एक टेबल. हा देखावा मोडायला हॅकर लागत नाही. फाइल उघडताना शिफ्टची कळ दाबून धरली की सुरुवातीचा फॉर्म वगळला जातो आणि टेबले समोर येतात. ही पळवाट ‘अलाऊ बायपास की’ हा गुणधर्म बदलून बंद करता येते, पण दुसऱ्या कोऱ्या अ‍ॅक्सेस फाइलमधून तीच टेबले जोडून घेतली, तर त्या बंदोबस्ताला कोण विचारतो? पासवर्ड टेबलात साध्या अक्षरांत लिहिलेले असतील, तर तेही हाती लागतात. शिवाय अ‍ॅक्सेसच्या कोडमध्ये शब्दांची तुलना मुळात लहान-मोठी अक्षरे न पाहता होते. मोठ्या अक्षरांचा आग्रह धरून ठेवलेला पासवर्ड छोट्या अक्षरांतही चालून जातो.

मायक्रोसॉफ्टने एकेकाळी यावर भारी उपाय दिला होता. वापरकर्ते आणि त्यांचे गट एका वेगळ्या वर्कग्रुप फाइलमध्ये असत. कोणते टेबल कोणी वाचायचे, कोणी बदलायचे हे ठरवता येई. मात्र ‘अ‍ॅडमिन’ नावाचा वापरकर्ता जगातल्या प्रत्येक अ‍ॅक्सेसमध्ये एकच, तोही विनापासवर्ड. टेबलांची मालकी त्याच्याकडून काढून घ्यायला विसरले, की बाकी सारा खटाटोप फुकट. २००७ मध्ये नवी फाइल-पद्धत आली तेव्हा ही सोय त्यातून वगळली गेली. तिच्या जाण्याने हळहळावे असे फारसे काही नव्हते.

आज अ‍ॅक्सेसवरच काम भागवायचे असेल, तर आधी फाइल दोन भागांत तोडावी. टेबलांची मागची फाइल सामायिक फोल्डरमध्ये, फॉर्म आणि रिपोर्टांची पुढची फाइल प्रत्येकाच्या संगणकावर. फोल्डरचा प्रवेश विंडोजच्या गटापुरता ठेवावा. नोकरी सोडून गेलेल्याचे नाव त्या गटातून काढले की दार बंद. टेबलांच्या फाइलला एन्क्रिप्शनचा पासवर्ड लावावा, म्हणजे पेनड्राइव्हवर गेलेली नक्कल बाहेरच्याला वाचता येणार नाही. इथेही एक मेख आहे. जोडलेल्या टेबलांसोबत हा पासवर्ड पुढच्या फाइलच्या सिस्टिम टेबलात वाचता येईल असा पडून राहतो. म्हणून पुढच्या फाइललाही एन्क्रिप्शन हवे आणि ती ‘एसीसीडीई’ स्वरूपात वाटावी. त्यात कोडचा मजकूर उरत नाही.

लॉगिनचा फॉर्म मग टाकून द्यायचा का? बऱ्याचदा होय. कर्मचारी सकाळी विंडोजमध्ये पासवर्ड टाकूनच बसलेला असतो. त्याचे नाव विंडोजकडूनच घेतले, तर पासवर्डांचे टेबलच लागत नाही. फक्त ते ‘एन्व्हायरॉन’ या फंक्शनने घेऊ नये. अ‍ॅक्सेस सुरू करण्याआधी कमांड प्रॉम्प्टवर एक ओळ लिहून कोणीही साहेबांचे नाव धारण करू शकतो. विंडोजच्या ‘गेट युजर नेम’ या फंक्शनला विचारलेले बरे. त्या नावावरून कोणाला कोणता फॉर्म दाखवायचा आणि कोणती नोंद कोणी केली हे टिपून ठेवायचे, एवढे काम नेटके होते.

पगारपत्रक किंवा रुग्णांचे आजार ठेवायचे असतील, जिथे आतल्याच माणसापासून काही झाकायचे आहे, तिथे मात्र या उपायांवर विसंबू नये. टेबले एसक्यूएल सर्व्हरवर हलवावीत. त्याची एक्स्प्रेस आवृत्ती फुकट मिळते आणि २०२५ पासून एका डेटाबेसला ५० जीबीपर्यंत जागा देते; अ‍ॅक्सेसची फाइल २ जीबीवरच थांबते. तिथे कोणी काय पाहायचे हे सर्व्हर ठरवतो, आणि मूळ फाइल असलेल्या फोल्डरशी कर्मचाऱ्यांचा संबंधच येत नाही. टेबले हलवण्याचे साधन मायक्रोसॉफ्ट विनामूल्य देते. अ‍ॅक्सेसमधले सवयीचे फॉर्म बहुतांशी तसेच वापरता येतात. काही क्वेरी तेवढ्या नव्याने लिहाव्या लागतात.