नऊपैकी नऊ, तरी आमंत्रण नाही!

1951 साल. युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को या जेझुइट विद्यापीठाचा ‘डॉन्स’ हा अमेरिकन फुटबॉलचा संघ नऊ सामने खेळला आणि नऊच्या नऊ जिंकला. मोसम संपला, आणि संघही बंद झाला!

हा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू छातीशी धरून धावायचं आणि समोरच्यांनी अंगावर झेप घेऊन पाडायचं. डॉन्सच्या ऑली मॅटसनला पाडणं महाकठीण. त्या मोसमात तो तब्बल 1,566 यार्ड धावला, म्हणजे जवळपास दीड किलोमीटर, तेही अंगावर येणाऱ्या धिप्पाड गड्यांना चुकवत. देशात पहिला नंबर त्याचाच.

मोसमातला अटीतटीचा सामना एकच, न्यूयॉर्कमध्ये फोर्डहॅमविरुद्ध. प्रतिस्पर्ध्याने लाथाडलेला चेंडू मॅटसनने दोनदा झेलला आणि दोन्ही वेळा जवळजवळ अख्खं मैदान पालथं घालत पलीकडची रेषा गाठली. निकाल 32-26.

मग घोडं अडलं कुठे? मोसमाअखेर गाजलेल्या संघांना ‘बाऊल’ सामन्यांची आमंत्रणं येतात, त्यातून पैसाही मिळतो. डॉन्सला त्याची नितांत गरज होती, कारण फुटबॉलचा खर्च विद्यापीठाला झेपेनासा झाला होता. पण संघातले मॅटसन आणि बर्ल टोलर हे दोघे कृष्णवर्णीय. दक्षिणेकडच्या आयोजकांची अट कोच जो कुहारिच यांच्यापर्यंत पोहोचली: या दोघांना घरी ठेवा, मग या. पोरांनी साफ नकार दिला. दोघांशिवाय जायचंच नाही! विशीतल्या पोरांनी एका झटक्यात घेतलेला हा निर्णय मला त्या नऊ विजयांहून मोठा वाटतो.

आता या पोरांचं पुढे काय झालं ते ऐका. मॅटसन, जिनो मार्चेटी आणि बॉब सेंट क्लेअर, एकाच कॉलेज संघातले तिघे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. मार्चेटी दुसऱ्या महायुद्धात लढून आलेला. सहा फूट नऊ इंचांचा सेंट क्लेअर कच्चं मांस खायचा, आणि पुढे डेली सिटीचा महापौरही झाला!

टोलरचा गुडघा 1952 मध्ये एका प्रदर्शनीय सामन्यात निकामी झाला. गडी खचला नाही. सॅन फ्रान्सिस्कोत शिक्षक झाला, मुख्याध्यापक झाला, आणि 1965 मध्ये एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगचा पहिला कृष्णवर्णीय पंच. 1980 च्या ‘सुपर बाऊल’ या लीगच्या अंतिम सामन्यातही तो पंच म्हणून मैदानात होता.

आपल्यासाठी खास गोष्ट: 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मॅटसनने 400 मीटरमध्ये कांस्य आणि रिलेत रौप्य जिंकलं. याच ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीचं कांस्य आणलं!

आणि संघाच्या बातम्या वर्तमानपत्रांत छापून याव्यात म्हणून धडपडणारा विद्यापीठाचा तरुण प्रसिद्धी अधिकारी? तो पीट रोझेल, 1960 पासून 1989 पर्यंत एनएफएलचा आयुक्त. त्याआधी लॉस एंजेलिस रॅम्सचा जनरल मॅनेजर असताना, 1959 मध्ये, त्याने एका खेळाडूच्या बदल्यात नऊ जण देऊन टाकले होते. तो खेळाडू म्हणजे ऑली मॅटसन!