आठाच्या वर

जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. बाहेरच्या लोकांना ही नावं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीमुळे माहीत असतात. मी गेलो होतो कापसासाठी, त्यातही कापसात खुपसल्या जाणाऱ्या सुयांसाठी. शाळेच्या प्रयोगवहीत शेवटी ‘शेकडा त्रुटी’ची एक ओळ असते. मुलं ती घाईघाईत भरून मोकळी होतात. इथल्या शेतकऱ्याचे पैसे त्याच ओळीत अडकतात, असं ऐकलं होतं.

एका शेतकऱ्याच्या ट्रॉलीवरची ताडपत्री निघाली आणि ओलसर कापसाचा, सरकीचा जडसर वास आला. ओलावा मोजणारा पोरगा विशीतला असेल. त्याने कोपरापर्यंत हात ढिगात घातला, मूठभर कापूस घट्ट दाबला आणि मीटरच्या सुया त्यात खुपसल्या.

“नऊ पॉइंट एक.” मग दुसरीकडे, “दहा पॉइंट चार.” पुढे ८.८, ९.७, शेवटी अगदी तळाशी ११.०.

“आठाच्या वर कटती, काकाजी,” पोरगा त्या शेतकऱ्याला म्हणाला.

हा आठ इथे सगळ्यांच्या तोंडी. भारतीय कापूस महामंडळ हमीभावाच्या खरेदीत ८ टक्के ओलावा आधार धरतं. त्यावर १२ टक्क्यांपर्यंत जितका ओलावा जास्त, तितकी किंमत कमी. १२ च्या पुढचा कापूस घेतच नाहीत. व्यापारीही त्याच आठाची भाषा बोलतो.

पाच नोंदींची सरासरी ९.८. प्रत्येक नोंद सरासरीपासून किती दूर आहे ते काढलं, त्या अंतरांची सरासरी ०.७२ आली. तिला ९.८ ने भागलं की शेकडा विचलन साधारण ७.३. नोंदी एकमेकींशी किती जुळतात, एवढंच हा आकडा सांगतो. त्या खऱ्या आहेत का, याबद्दल तो गप्प असतो.

खरं काय ते भट्टीत कळतं. कापूस तोलायचा, १०५ अंशांच्या आसपास वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचा, पुन्हा तोलायचा. समजा तिथे ओलावा ९.२ निघाला. मग मीटरची चूक ०.६, आणि ९.२ ने भागल्यावर शेकडा त्रुटी ६.५. पण ट्रॉली दारात उभी असताना भट्टी लावायला वेळ कुणाला आहे? मीटरला पाणी दिसत नाही. कापसातून वीज किती सहज जाते यावरून तो अंदाज करतो. त्या पोराला हे कुणी शिकवलेलं नाही, तरी त्याच्या हाताला ते ठाऊक आहे. “मूठ ढिल्ली ठेवली का आकडा उतरते,” तो म्हणाला.

मला राहून राहून आठवतो तो पुढचा क्षण. काकाजींनी अडवलं, “त्याच मुठीत पुन्हा लाव.” पोराने कुरकुर न करता मूठ तशीच धरून पुन्हा मोजलं. १०.९. पुन्हा ११.०. म्हणजे मीटर स्वतःशी जुळत होता. विचलन होतं ते ढिगाचं. वरचा कापूस उन्हात सुकलेला, तळाचा पहाटेच्या दवात वेचलेला. कुठल्याही प्रयोगशाळेत शोभेल अशी ही तपासणी, आणि ती शेतकऱ्याने करून घेतली. मात्र मीटर दर वेळी सारखंच चढं दाखवत असेल, तर नोंदी अशाच सुरेख जुळतील आणि तरीही चुकीच्या असतील. ते पकडायला भट्टीच हवी.

आता पैसे. २०२५-२६ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. ०.६ ची चूक म्हणजे क्विंटलमागे ४८ रुपये ६६ पैसे, २० क्विंटलच्या ट्रॉलीमागे ९७३ रुपये. प्रयोगवहीत जी त्रुटी ६.५ टक्के, ती भावात ०.६ टक्के दिसते. दोन्ही आकडे बरोबर आहेत, भागलं कशाने ते वेगळं. म्हणून ‘अर्ध्या टक्क्याचाच तर फरक’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो. ९७३ रुपयांत वेचणाऱ्या बायांची मजुरी असते.

चिठ्ठीवर एकच आकडा पडला, ९.८. नोंदी किती घेतल्या, मीटर शेवटचा कधी पडताळला, यातलं काही नाही. काकाजींनी चिठ्ठी उलटी केली आणि पाचही आकडे त्या पोराकडूनच मागे लिहून घेतले.