क्षार कोणता घालावा?

मराठीतल्या काही शब्दांची मला धास्ती वाटते. ‘क्षार’ हा त्यांतला एक. वैद्यबुवा क्षार म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात मांसालाही खाणारे दाहक द्रव्य असते. ते कसे सिद्ध करावे यावर सुश्रुतसंहितेत स्वतंत्र अध्याय आहे, आणि भगंदरावर क्षारसूत्र आजही बांधतात. शाळेच्या रसायनशास्त्रात मात्र आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की पाण्याबरोबर जे तयार होते तो क्षार. म्हणजे आपले जेवणातले मीठसुद्धा क्षारच! घरात आणखी गंमत. पापडखार, सज्जीखार, जवखार ही सारी त्याच आडनावाची भावंडे, आणि गृहिणीला विचाराल तर ती म्हणेल, “खार म्हणजे पापड फुलवणारा, दुसरं काय?”

असले शब्द वर्गात रंगवून सांगायला बरे वाटतात. पण गेल्या उन्हाळ्यात माझा एक माजी विद्यार्थी हाच शब्द घेऊन घरी आला आणि प्रकरण गंभीर झाले. हा गृहस्थ बी.ए. होऊन आता स्वतःची टुरिस्ट गाडी चालवतो. पनवेलहून पुणे, नाहीतर महाबळेश्वर. कर्ज डोक्यावर आणि पेट्रोलचा खर्च कमाई गिळणारा. कोणी तरी त्याला पाण्यापासून गॅस करणारे एक घरगुती यंत्र सुचवले होते. बाटलीत पाणी, पाण्यात पोलादी पत्रे, त्यांना गाडीच्या बॅटरीची वीज. निघालेला गॅस नळीने इंजिनात. मायलेज म्हणे दीडपट! सोबतच्या कागदावर लिहिले होते : ‘पाण्यात सुरक्षित क्षार घालावा.’

“सर, मेकॅनिक म्हणतो मीठ घाल. दुसरा म्हणतो कॉस्टिक. तुम्ही मराठीचे, तुम्हीच सांगा, क्षार म्हणजे नेमकं काय?”

गाडी धंद्याची असली तरी सुट्टीच्या दिवशी तीत त्याची बायको आणि दोन मुले बसतात. तेव्हा ‘हा माझा विषय नव्हे’ म्हणून त्याला वाटेला लावणे मला जमले नाही. आमच्या रसायन विभागातल्या एका सहकाऱ्यांना गाठले आणि दोन संध्याकाळी आम्ही तिघे त्या कागदापुढे बसलो.

मूळ प्रयोगात जादू काही नाही. १८०० साली निकल्सन आणि कार्लाइल या दोघा इंग्रजांनी विजेने पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन असे दोन भाग करून दाखवले. शुद्ध पाणी वीज फारशी वाहू देत नाही; म्हणून त्यात काहीतरी विरघळवावे लागते. ते काय असावे, एवढाच सवाल.

सर्वांत भोळे दिसते ते मीठ, आणि गोम तिथेच आहे. मिठाच्या पाण्यातून वीज गेली की एका पत्र्यापाशी हायड्रोजन येतो, पण दुसऱ्यापाशी क्लोरीन येऊ लागतो. हा तोच वायू, जो २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्रच्या रणांगणावर जर्मनांनी सोडला होता. शिवाय मीठ पोलादाला खाते. पाणी तपकिरी होते, पोलादातले क्रोमियम त्यात उतरते, आणि क्रोमियमचे एक रूप कर्करोगाला कारण ठरते. ते पाणी मग गटारात ओतायचे! खाण्याच्या सोड्यातून कार्बन डायॉक्साइड सुटतो. तो जळत नाही, उलट गॅसमध्ये भागीदार होऊन बसतो. बॅटरीचे ॲसिड पोलादी पत्रे फस्त करते.

उरला कॉस्टिक पोटॅश, म्हणजे वैद्यांच्या अर्थाचा क्षार. कारखान्यांत तोच वापरतात. तो स्वतः खर्च होत नाही, खर्च होते ते फक्त पाणी. आणि पत्रे टिकतात. पण डोळ्यांत उडाला तर दृष्टी जाऊ शकते. ॲल्युमिनियमला लागला तर त्यातूनच हायड्रोजन निघतो, आणि हल्लीच्या बॉनेटखाली ॲल्युमिनियमची काय कमतरता?

भाक्रा धरणाच्या विजेवर नांगलच्या खत कारखान्यात पाण्याचे असेच पृथक्करण होत असे. देशातले पहिले जड पाणी १९६२ साली तिथेच निघाले. अशा कारखान्यांत दोन वायूंच्या मध्ये पडदा असतो, त्यांची गाठ पडू देत नाहीत. घरगुती बाटलीत ते एकत्रच निघतात, नेमके दोनास एक या प्रमाणात, आणि स्फोटाला याहून नेमके प्रमाण नाही. हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत पेटतो. ठिणगी अगदी क्षुल्लक पुरते आणि ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. खंडाळ्याचा घाट चढताना तापलेल्या इंजिनाशेजारी ती प्लॅस्टिकची बाटली! यावर कोणता क्षार उतारा देणार?

आणि एवढे करून लाभ काय? आमच्या सहकाऱ्यांनी पाकिटाच्या पाठीवर हिशोब मांडला. सहा कप्पे जोडून २० अँपिअर वीज दिली तर मिनिटाला जेमतेम सव्वा लिटर गॅस मिळतो. १२०० सी.सी.चे इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांनी पूर्ण जोरात चालले तर तेवढ्या वेळात सुमारे १२०० लिटर हवा ओढते. म्हणजे हजार लिटरला एक लिटर. बरे, ती वीज येते कुठून? त्याच इंजिनाने फिरवलेल्या आल्टरनेटरमधून, म्हणजे पेट्रोलमधूनच. चांगल्या कारखान्यातही एक किलो हायड्रोजनला सुमारे ५० युनिट वीज लागते. इंजिनात जाळायला त्यातली ३३ युनिटांची ऊर्जा हाती येते, आणि इंजिन तिच्यातलाही मोठा भाग उष्णतेत घालवते.

विद्यार्थ्याने कागदाची घडी केली. “अर्धे पैसे आगाऊ दिलेत, सर.” ते परत मिळाले नाहीत. पण यंत्र गाडीला लागले नाही. टायरमधली हवा, एअर फिल्टर आणि घाटात जरा हलका पाय, एवढ्यावर तो सध्या भागवतो आहे.

१९८८च्या मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलमही ध्यानात असू द्यावे. नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनी बॉनेट उघडून पाहतेच.

ज्यांच्या गाडीत अशी बाटली आधीच बसली आहे, त्यांनी ती स्वतः उपसू नये. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, बाटलीची वीज तोडून घ्यावी, जवळ विडी-सिगारेट नको. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घातलेल्या जाणत्या माणसाकडून उघड्यावर काढून घ्यावी. आतले द्रव ॲल्युमिनियमच्या भांड्यात धरू नये. डोळ्यांत थेंब उडालाच तर चोळू नये; डोळा उघडा धरून निदान वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवावा आणि तसेच दवाखान्यात जावे.