टिकलीच्या मापाचा डाग

दोन भुवयांच्या मधोमध एक पांढरा डाग दिसू लागतो. गोल, कडा रेखीव, बरोबर रोजच्या टिकलीएवढा. कोडाच्या शंकेनं घरात घबराट होते. मग तो झाकायला जरा मोठी टिकली आणली जाते आणि काही महिन्यांत डागही तेवढा वाढतो.

या डागाचं कारण टिकलीच्या पाठीमागच्या गोंदात असतं. त्यातल्या त्या रसायनाचं नाव पॅरा-टर्शरी-ब्युटाइल फिनॉल. अलाहाबादचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. ए. के. बजाज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये टिकलीच्या चिकटद्रव्यातलं हे रसायन आणि कपाळावरचा डाग यांची सांगड घालून दाखवली. या रेणूची ठेवण टायरोसिनसारखी आहे. टायरोसिन हा त्वचेतल्या रंगपेशींचा कच्चा माल, त्यापासून त्या मेलॅनिन बनवतात. पेशीतलं विकर या तोतयाला फसतं, त्याच्यावर काम सुरू करतं आणि त्यातून तयार होणारी रसायनं त्या पेशीलाच मारून टाकतात. डाग पडतो तो असा.

टिकली स्वस्त म्हणून असं होतं, महागड्या वस्तूंचं तसं नसतं, असं कुणाला वाटेल. 2013 च्या जुलैमध्ये जपानच्या कानेबो या नामवंत कंपनीला त्वचा उजळवणारी आपली उत्पादनं बाजारातून परत मागवावी लागली. त्यातल्या रोडोडेंड्रॉल या घटकाला जपान सरकारची रीतसर मंजुरी होती. तरी सुमारे 19 हजार लोकांच्या चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर पांढरे चट्टे उठले. रेणू वेगळा, पण विकराला फसवण्याची युक्ती तीच. आणि वापरणारे होते काही लाख, बहुतेकांना काहीच झालं नाही. ‘माझ्या बहिणीला छान मानवलं’ हे वाक्य किती पोकळ आहे, ते या आकड्यांत दिसतं.

टिकली, क्लिपा, नेलपॉलिश आणि लिपस्टिक यांचं फिरतं दुकान कल्याणजवळच्या शहाडमधल्या बाईला रोज भेटतं. टिटवाळा, आसनगाव किंवा कसाऱ्याहून येणाऱ्या लोकलमध्ये शहाडला शिरायचं आणि दीड तासानं सीएसएमटीला उतरायचं. मधल्या वेळात डब्यात विक्रेत्या येतात, हातातल्या पाटीवर रंगांची ओळ असते, आणि मनगटाच्या आतल्या बाजूला एक रेघ ओढून ‘बघा, शोभते की नाही’ म्हणतात. ती रेघ रंग दाखवते, एवढंच. त्वचेला वस्तू मानवेल का, याचा तिच्यातून काडीचाही पत्ता लागत नाही.

याला कारण आहे. त्वचा दोन तऱ्हांनी कुरकुरते. एक म्हणजे सरळ चुरचुर. तीव्र आम्ल, तीव्र साबण, जास्त रेटिनॉल लागलं की मिनिटांत किंवा काही तासांत आग होते, आणि अशी आग कुणालाही होऊ शकते. दुसरी तऱ्हा अ‍ॅलर्जीची. तिच्यात शरीराची संरक्षक यंत्रणा आधी त्या रसायनाची ओळख पटवून घेते, लक्षात ठेवते आणि पुढच्या खेपेला हल्ला करते. हा हल्ला साधारण दोन-तीन दिवसांनी दिसतो. म्हणून दुकानातल्या पाच मिनिटांत, किंवा कळव्यापासून दिवा येईपर्यंत, तो दिसणं शक्यच नसतं. शिवाय वर्षानुवर्षं वापरलेली वस्तूही एखाद्या दिवशी अचानक नडू शकते, कारण ओळख पटायला कधी महिने लागतात, कधी दहा वर्षं.

त्वचारोगतज्ज्ञ जी पॅच टेस्ट करतात, ती जर्मन भाषक डॉक्टर योझेफ याडासोन यांनी 1890 च्या दशकात मांडली. संशयित पदार्थांच्या छोट्या वाट्या पाठीवर चिकटवायच्या, 48 तासांनी काढून त्वचा बघायची आणि पुढच्या एक-दोन दिवसांत पुन्हा बघायची. घरी याची साधी आवृत्ती करता येते. नवं क्रीम कोपराच्या आतल्या घडीत, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी, दिवसातून दोनदा, आठवडाभर लावायचं. फेसवॉश, शांपू अशा धुऊन टाकायच्या वस्तूंना मात्र ही पद्धत नको, त्या तिथे ठेवल्या तर चांगल्या त्वचेलाही चुरचुर व्हायची. आठवडा फुकट गेल्यासारखा वाटतो खरा. चेहऱ्यावरची काळपट पडलेली जागा पूर्ववत व्हायला मात्र सहा महिनेही पुरत नाहीत, आणि आपल्या सावळ्या, गव्हाळ त्वचेचा स्वभावच असा, की लाली ओसरली तरी मागे काळा डाग ठेवून जाते.

आता तेलकट, कोरडी, मिश्र ही वाटणी. प्रत्येक बाटलीवर ती छापलेली असते आणि ती तशी उपयोगीही आहे, फक्त ती जन्मपत्रिकेसारखी कायमची समजू नये. मे महिन्यात उल्हास नदीच्या काठच्या दमट हवेत शहाडमधला प्रत्येक चेहरा तेलकट असतो. तोच चेहरा दिवसभर वातानुकूलित ऑफिसात बसला, की संध्याकाळी गालांवर ताण जाणवतो. जानेवारीतल्या पहाटेच्या गाडीला ओठ फुटतात. सौम्य फेसवॉशनं तोंड धुवून तासभर काहीही न लावता बसावं आणि मग आरशात बघावं. कपाळ आणि नाक चमकत असेल, गाल कोरडे असतील, तर त्या ऋतूपुरती त्वचा मिश्र. ऋतू बदलला की पुन्हा बघावं. ज्यांच्या कपाळावर बारीक पुटकुळ्यांची रांग केसांच्या कडेकडेनं उठते, त्यांनी महागडं क्रीम शोधण्याआधी डोक्याला चोपडलेलं तेल कुठे ओघळतं ते पाहावं. खोबरेल रंध्रं बुजवणाऱ्यांच्या यादीत वरच्या बाजूला आहे.

‘नॉन-कॉमेडोजेनिक’ म्हणजे रंध्रं न बुजवणारं, हा शब्द आला अमेरिकन त्वचातज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांच्या प्रयोगांतून. 1970 च्या दशकात प्रसाधनं सशाच्या कानाला लावून ते निरीक्षणं करत. सशाचा कान माणसाच्या गालापेक्षा कितीतरी हळवा असतो, त्यामुळे त्या याद्या अंदाजापुरत्याच घ्याव्यात. ‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’ या शब्दाला तर अमेरिकेच्या औषध प्रशासनानंही कायदेशीर व्याख्या दिलेली नाही. कंपनीला जे म्हणायचं असेल, ते म्हणायला तो शब्द मोकळा आहे.

साबणाचं मात्र मोजमाप आहे. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, सामू साधारण पाचच्या आसपास. पारंपरिक साबणाचा सामू नऊ-दहा. प्रत्येक धुण्यानंतर त्वचेला आपली आम्लता परत मिळवावी लागते आणि दिवसातून चार वेळा तोंड साबणानं घासणाऱ्याची त्वचा त्यातच थकते. वडीच्या वेष्टनावर टीएफएम असा आकडा असतो, म्हणजे एकूण मेदाम्लांचं प्रमाण. भारतीय मानकांप्रमाणे 76 टक्के किंवा जास्त असेल तर पहिली श्रेणी, 70 ला दुसरी, 60 ला तिसरी. त्याहून कमी असलेल्या पुष्कळ वड्या ‘बाथिंग बार’ या नावानं विकल्या जातात. वास आणि नटी यांच्याकडे बघून वडी उचलणाऱ्यानं एकदा हा आकडा शोधून बघावा.

सनस्क्रीनच्या बाबतीत शहाडला एक गमतीचा शेजार आहे. या गावाची ओळख सेंच्युरी रेयॉनच्या कारखान्यामुळे. रेयॉनचा धागा मुळात चकचकीत असतो, आणि त्याची चमक मारून मॅट धागा हवा असेल तर त्यात टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी भुकटी मिसळतात. हीच भुकटी सनस्क्रीनमध्ये अतिनील किरणांना अडवते, फाउंडेशनमध्ये डाग झाकते, आणि तिचं प्रमाण जास्त झालं की सावळ्या चेहऱ्यावर राखेसारखी छटा चढवते. ‘सनस्क्रीननं मी पांढरी फटक दिसते’ या तक्रारीचं मूळ हेच.

तिच्यावरचा उतारा अंगणातला आहे. फाउंडेशनला पिवळा, तांबडा, तपकिरी रंग देतात ती लोहाची ऑक्साइडं, म्हणजे रांगोळीखाली सारवतात त्या गेरूची भावंडं. ती नुसता रंग जुळवत नाहीत. गडद त्वचेत सूर्याचा दृश्य प्रकाशही काळे डाग वाढवतो, गोऱ्या त्वचेत तसं होत नाही, असं 2010 च्या एका अभ्यासात दिसलं. साधं पारदर्शक सनस्क्रीन हा प्रकाश अडवत नाही, लोहाची ऑक्साइडं अडवतात. वांग असलेल्या बाईनं रंगीत सनस्क्रीन घ्यावं, असं डॉक्टर सांगतात ते यासाठी. बाकी एसपीएफचा आकडा प्रयोगशाळेत एका चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम एवढा जाड थर लावून काढतात. तर्जनी आणि मधलं बोट, या दोन बोटांच्या लांबीएवढी रेघ चेहऱ्याला आणि मानेला लागते. वाटाण्याएवढं लावलं तर डबीवर 50 लिहिलेलं असून काय उपयोग?

फाउंडेशनची छटा मनगटावर बघू नये, मनगट चेहऱ्यापेक्षा उजळ असतं. जबड्याच्या कडेला तीन छटांच्या रेघा ओढाव्यात, दुकानाबाहेर उन्हात यावं, दहा-पंधरा मिनिटं थांबावं आणि जी रेघ दिसेनाशी होईल ती घ्यावी. कित्येकदा ती अपेक्षेपेक्षा एक-दोन पायऱ्या गडद निघते आणि विक्रेती ती द्यायला कचरते. आग्रह धरावा.

गोरेपणाचा सोस हीच या बाजारातली सर्वांत महाग पडणारी गोष्ट. 2023 च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका कुटुंबाची हकिकत वृत्तपत्रांत आली. घरातल्या तीन बायकांना पाठोपाठ मूत्रपिंडाचा विकार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात कारण शोधलं तेव्हा तिघींच्या वापरातलं एकच क्रीम निघालं आणि त्यात पारा सापडला. केरळमधल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी 2021 ते 2023 या काळातले एका मूत्रपिंडविकाराचे 22 रुग्ण तपासले. त्यातल्या 15 जणांत एक विशिष्ट खूण आढळली आणि या 15 पैकी 13 जण गोरं करणारी क्रीमं लावत होते. पारा मेलॅनिन बनवणारं विकर बंद पाडतो, त्यामुळे चेहरा खरोखरच उजळतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण तो त्वचेतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. भारतीय नियमांनुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधनं सोडली तर अनवधानानं आलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही.

दुसरा उजळवणारा पदार्थ स्टिरॉइड. देशभरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2,926 रुग्णांपैकी 433 जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. सुरुवातीला चेहरा नितळ होतो. मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, मुरुमं आणि लव वाढते, आणि क्रीम बंद केलं की आग आग होते म्हणून पुन्हा तेच लावलं जातं. 2018 मध्ये केंद्र सरकारनं अशा 14 स्टिरॉइडांच्या मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली. नळीवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांतलं नाव दिसलं तर ते प्रसाधन नव्हे, औषध आहे. ‘मैत्रिणीला डॉक्टरनं दिलेलं’ हे चिठ्ठीच्या जागी चालत नाही.

प्रसाधन कुठे संपतं आणि औषध कुठे सुरू होतं, यावर कज्जे झाले आहेत. डोंबिवलीत कारखाना असलेल्या विको कंपनीनं आपलं हळदीचं क्रीम आयुर्वेदिक औषध आहे, सौंदर्यप्रसाधन नव्हे, हे म्हणणं सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढवलं आणि ती जिंकली. तो वाद अबकारी कराचा होता. त्वचेला कराशी देणंघेणं नसतं, आणि नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असंही नाही. लिंबाचा रस चेहऱ्याला चोळून उन्हात गेलं तर त्यातली फ्युरोकूमरिनं अतिनील किरणांनी जागी होतात आणि जिथे रस ओघळला तिथे काळे पट्टे उठतात.

कल्याण-उल्हासनगरच्या पट्ट्यात ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा विनोद जुना आहे. हसून झाल्यावर डबी उलटी करावी. 2020 पासूनच्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे तिच्यावर उत्पादकाचं नाव आणि पत्ता, बॅच क्रमांक, वापराची अंतिम तारीख, घटकांची यादी आणि उत्पादन परवान्याचा क्रमांक असायला हवा. परदेशी मालावर आयात नोंदणीचा क्रमांक हवा. यातलं काही नसेल, किंवा ब्यूटी पार्लरमधल्या बाईनं बिनलेबलच्या डबीत ‘घरचं’ क्रीम भरून दिलं असेल, तर ते तिलाच परत द्यावं.

केसांच्या डायच्या खोक्यावर तर इशाराच छापलेला असतो. पॅरा-फेनिलिनडायअमिन असलेल्या डायनं त्वचेला त्रास होऊ शकतो, म्हणून आधी कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून 24 तास थांबा, आणि ही चाचणी प्रत्येक वेळी करा. भुवयांना, पापण्यांना लावू नका, आंधळेपण येऊ शकतं, असंही त्यात असतं. अक्षरं इतकी बारीक, की चष्म्याशिवाय वाचता येत नाहीत, आणि डाय लावणाऱ्यांच्या वयात चष्मा लागलेलाच असतो.

एखादी वस्तू नडलीच, तर रागानं ती कचऱ्यात टाकू नका. टिकलीचं पाकीट, डबी, खोकं, उरलेलं क्रीम, सगळं पिशवीत घालून त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या. पाठीवरच्या त्या छोट्या वाटीत भरायला डॉक्टरांना तेच लागतं.