मूळ चित्र आणि त्याची प्रत

पूर्वी घरोघरी भिंतींवर लाकडी चौकटीत बसविलेली छायाचित्रे टांगलेली असत. एका चौकटीत एकच चित्र मावे. आता डिजिटल फोटोफ्रेम नावाची नवी चौकट आली आहे. तिच्यात काचेच्या जागी लहानसा पडदा असतो व त्यावर शेकडो चित्रे एकामागून एक उमटत राहतात. संगणकातील चित्रे या चौकटीत नेण्याचे काम अवघड नाही. परंतु ते समजून न केल्यास मोलाची ठेव कायमची गमावण्याचा संभव असतो.

डिजिटल चित्र म्हणजे वस्तुतः आकड्यांची रास होय. चित्राचे बारीक बारीक बिंदू कल्पून प्रत्येक बिंदूचा रंग आकड्यांत नोंदविलेला असतो. या बिंदूंना पिक्सेल म्हणतात. १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श या संगणकतज्ज्ञाने आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचे छायाचित्र अशा रीतीने संगणकात उतरविले. त्यात आडवे १७६ व उभे १७६, म्हणजे अवघे ३०,९७६ बिंदू होते.

एका वहीतील गणित दुसऱ्या वहीत उतरवून घेतले, तरी पहिली वही कोरी होत नाही. आकड्यांच्या चित्राचेही तसेच आहे. प्रथम मेमरी कार्ड संगणकाला जोडावे, हवी ती चित्रे निवडून ‘कॉपी’ ही आज्ञा द्यावी आणि ती कार्डावर उतरवावी. ‘कट’ ही आज्ञा देऊ नये. कारण तिने चित्र कार्डावर जाते खरे, पण संगणकातील आपल्या जागेवरून नाहीसे होते. बहुतेक फोटोफ्रेम ‘जेपेग’ पद्धतीने साठविलेली चित्रे दाखवितात. अन्य पद्धतीचे चित्र उमटले नाही, तर त्याची जेपेग प्रत करून घ्यावी.

चित्रे उतरल्यासारखी दिसली, तरी कार्ड घाईने ओढू नये. संगणक कित्येकदा काही आकडे तात्पुरते आपल्याजवळ धरून ठेवतो व मागाहून कार्डावर लिहितो. मध्येच कार्ड काढल्यास लेखन अर्धवट राहून चित्र बिघडते. म्हणून ‘इजेक्ट’ ही आज्ञा देऊन, संगणकाची अनुमती मिळाल्यावरच कार्ड काढावे व फोटोफ्रेमच्या खाचेत बसवावे.

आता आकाराचा विचार करू. आडवे ४,००० व उभे ३,००० बिंदू असलेल्या चित्रात एकूण १ कोटी २० लाख बिंदू असतात. फोटोफ्रेमचा पडदा १,०२४ व ७६८ बिंदूंचा असेल, तर त्यावर सुमारे ८ लाखच बिंदू मावतात. उरलेले बिंदू दिसत नाहीत. ते केवळ कार्डावरील जागा अडवितात. यासाठी पुष्कळ लोक चित्र लहान करून घेतात.

खरी सावधगिरी येथेच हवी. समजा, एखाद्या मुलाने आजीचे मूळ चित्रच लहान करून साठविले. फोटोफ्रेममध्ये ते सुरेख दिसेल. पुढे आजी हयात नसताना भिंतीवर लावण्यासाठी तेच चित्र मोठे करावयास घेतले, तर तिचा चेहरा अस्पष्ट उमटेल; कारण एकदा टाकून दिलेले आकडे पुन्हा मिळत नाहीत. म्हणून आधी प्रत करावी आणि ती प्रतच लहान करावी. मूळ चित्राची आणखी एक पूर्ण प्रत निराळ्या ठिकाणी जपून ठेवावी. चौकटीतील प्रत बिघडली, तर ती पुन्हा करता येते. मूळ गेले, तर प्रत कशावरून करणार?