साडेतीन वर्षांचा माल, ७२ तास

ब्राउनेल्स ही अमेरिकेतल्या आयोवा राज्यातली, बंदुकांचे सुटे भाग विकणारी जुनी पेढी. डिसेंबर २०१२ मध्ये तिनं ग्राहकांना कळवलं की रायफलमध्ये गोळ्या भरायच्या मॅगझिनचा, एरवी साडेतीन वर्षं पुरला असता एवढा माल ७२ तासांत विकला गेलाय. हिशेब करून पाहा: नेहमीच्या सव्वाचारशे पट वेग.

त्याआधी, १४ डिसेंबरला, कनेक्टिकटमधल्या न्यूटाउन गावी सँडी हुक शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं गोळीबारात मारली गेली होती. (बंदूक उद्योगाच्या राष्ट्रीय संघटनेचं मुख्यालयही तेव्हा याच गावात होतं.) राष्ट्राध्यक्ष ओबामा बंदुकांवर निर्बंध आणणाऱ्या कायद्याचं बोलू लागले आणि बाजारानं त्यातून एकच अर्थ काढला: आत्ता घ्या, उद्या मिळणार नाही.

यामागे जुना अनुभव होता. १९९४ च्या बंदीनं एआर-१५सारख्या रायफली आणि दहापेक्षा जास्त गोळ्यांची मॅगझिन नव्यानं बनवून नागरिकांना विकायला मनाई केली, पण लोकांच्या घरात आधीच असलेल्यांना हात लावला नाही. म्हणजे तारखेच्या आत हाती आलं ते आपलं. पेट्रोल महागणार म्हटल्यावर आदल्या रात्री पंपावर रांग लागते, पण तिथं टाकी भरली की माणूस घरी जातो. कपाटाला तशी मर्यादा नसते.

आणि कपाटात ठेवायचं तरी काय? एआर-१५ रायफल सुटी केली, तर केंद्रीय कायद्याच्या लेखी तिचा एकच भाग ‘बंदूक’ ठरतो: लोअर रिसीव्हर. अॅल्युमिनियमचा, जेमतेम पाव किलोचा सांगाडा, त्यावर कोरलेला क्रमांक. नळी, बोल्ट, दस्ता, ट्रिगर हे सगळं बहुतेक राज्यांत पार्सलनं घरपोच येतं. मग हुशार माणूस नुसते लोअर घेऊन ठेवतो. बाकीची रायफल सवडीनं जमते.

त्या डिसेंबरात एफबीआयकडे खरेदीदारांच्या पार्श्वभूमी तपासणीचे २७ लाख ८३ हजार अर्ज आले. आदल्या डिसेंबरात १८ लाख ६२ हजार होते. २१ तारखेच्या एका दिवसात १ लाख ७७ हजार, म्हणजे दिवसरात्र सेकंदाला दोन. तरी या आकड्यावरून विक्री मोजता येत नाही. काही अर्ज नुसत्या परवान्यांचे असतात, तर कधी एकाच तपासणीवर चार बंदुका घेता येतात. मॅगझिन, नळ्या, स्प्रिंगा तर या मोजणीत येतच नाहीत. मला सगळ्यात चक्रावून टाकतो तो हा न मोजलेला ढीग.

कायदा आलाच नाही. १७ एप्रिल २०१३ ला शंभर जणांच्या सिनेटमध्ये अशा रायफलींवरच्या बंदीला ४० मतं पडली, मॅगझिनवरच्या मर्यादेला ४६. माल मात्र घरोघरी राहिला.

पुढे अशा बंदीच्या विरोधातले ट्रम्प निवडून आले आणि बंदीची धास्ती ओसरली. २०१६ मध्ये २ कोटी ७५ लाख तपासण्या झाल्या होत्या, २०१७ मध्ये त्या २ कोटी ५२ लाखांवर आल्या. सँडी हुकमध्ये वापरली गेलेली बुशमास्टर रायफल ज्या रेमिंग्टन समूहाची, त्यानं मार्च २०१८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. डोक्यावर कर्ज होतंच. सप्टेंबर २०१९ मध्ये कोल्टनं नागरिकांसाठी एआर-१५ बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. कंपनीनं कारण दिलं, की बाजारात अशा रायफली पुरेशा आहेत.